भिंत पाड, माणसं ठेव

पत्र थोडक्यात असं आहे: मी मूळची साताऱ्याची, पुण्यात वाढलेली. नवरा नेपाळमधल्या गोरखा जिल्ह्यातला. सासरे भारतीय लष्करातून निवृत्त झालेले. त्यांचं जुनं दगडी घर २०१५ च्या भूकंपात पडलं आणि तेव्हापासून सासू-सासरे सरकारी अनुदानातून बांधलेल्या एका खोलीत राहतात. आता आम्ही साठवलेल्या पैशातून शेजारच्याच जागेवर घर बांधायला काढलं आहे. नवरा काठमांडूत नोकरीला, म्हणून काम मी बघते. गाडीरस्ता घराच्या पाऊण तास खाली संपतो. गावातली तरुण मुलं आखातात आणि मलेशियात गेलेली, त्यामुळे कामावर साठी उलटलेला एक गवंडी, दोन म्हातारे आणि शेजारच्या चार बायका आहेत. कुणालाच नीट काम येत नाही. पंधरा दिवसांत चार फूट भिंत उठली आणि तिला दोन बोटं पोट आलं. मी सगळ्यांसमोर गवंड्याला बोलले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत आणि सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. पुण्याहून गवंड्यांची टोळी आणावी का? की काठमांडूच्या ठेकेदाराला सरळ पिलरचं घर बांधायला द्यावं? मावशी, मी थकले आहे.

पोरी, नाव छापू नका म्हणालीस म्हणून नुसतं पोरीच म्हणते. तुझ्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर नाही असं आहे. टोळी आणू नकोस आणि पिलरच्या घराच्या मागे लागू नकोस. ती भिंत मात्र जोत्यापर्यंत उतरव. चार फुटांत दोन बोटं ही नजरेआड करण्याजोगी चूक नाही, तुझी नजर बरोबर आहे. मातीतली भिंत असल्याने दगडाचा एक तुकडाही वाया जाणार नाही. उतरवायचे दोन दिवस आणि पुन्हा रचायचे काही दिवस, एवढंच नुकसान. त्या दिवसांची मजुरी कापू नकोस. कोपऱ्यावर ओळंबा आणि दोन कोपऱ्यांमध्ये ताणलेली दोरी रोज सकाळी लावायची हे तू सांगितलं नव्हतंस, आणि त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं.

तुझ्या पत्रातल्या 'कुणालाच नीट काम येत नाही' या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. १९९४ साली मी नुकती डिप्लोमा करून किल्लारीच्या परिसरात साइटवर उभी राहिले, तेव्हा माझ्या तोंडीही हेच वाक्य होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, तिथे सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या भिंतीखाली आणि माळवदाखाली गेली. त्या भिंती बाहेरून दणकट दिसत. दोन-अडीच फूट जाड, काळा दगड. पण आतून त्या दोन वेगळ्या भिंती असत, एक बाहेरचं तोंड आणि एक आतलं, मधे माती आणि चिप्पा. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. जमीन हलली आणि शेंग उकलावी तशी ती भिंत दोन्ही बाजूंना उकलली, वरची दीड-दोन फूट माती माणसांवर आली.

तिथल्या एका गावात मला एक म्हातारे गवंडी भेटले. वर्षभर त्यांनी थापी हातात धरली नव्हती. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची होती आणि ती सगळी पडली होती, त्यांच्या भावाचंही. मी तेव्हा पंचविशीची, हातात नकाशा, मिलिमीटरमध्ये मापं सांगत होते. माणसं वीत आणि हात मोजणारी. खिडकीचं माप चुकलं की मी ओरडायचे. चौथ्या दिवशी ते म्हातारे माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "बाई, तुमचं माप आमच्या काठीवर टाकून द्या." मी एका बांबूवर खुणा करून दिल्या. त्यानंतर माझ्या साइटवर मापाची चूक जवळपास झालीच नाही. ते गवंडीही हळूहळू पुन्हा भिंतीवर बसू लागले.

तुझ्या गवंड्यांची गोष्ट मला माहीत नाही. पण तू गोरखा जिल्ह्यात आहेस. २५ एप्रिल २०१५ च्या त्या शनिवारी दुपारी बाराला चार मिनिटं असताना झालेल्या भूकंपाचा केंद्रबिंदू तुझ्याच जिल्ह्यात, बारपाक गावाजवळ होता. नेपाळमध्ये सुमारे पाच लाख घरं पूर्ण पडली, त्यातली बहुसंख्य मातीत रचलेल्या दगडाची. साठी उलटलेल्या त्या डकर्मींनी (तिथे गवंड्याला डकर्मी म्हणतात हे एव्हाना तुला कळलंच असेल) बांधलेली घरंही त्यात असतीलच. अशा माणसाला चारचौघांत "तुम्हाला भिंत बांधता येत नाही" असं ऐकावं लागलं. आज ते का येत नाहीत, याचा विचार तू या बाजूने करून बघ.

दुसरी गोष्ट भाषेची. तू त्यांच्याशी हिंदीत बोलतेस असं लिहिलंस. हिंदीतला 'तुम' तिथे कानावर 'तिमी' म्हणून पडतो आणि मोठ्या माणसाला सुनेने तिमी म्हणणं त्या घरांत चालत नाही. 'तपाईं' म्हणायला शीक, अगदी वाक्य मोडकंतोडकं असलं तरी. आणि ते डकर्मी नात्याने किंवा गावकीने तुझे कोण लागतात हे सासूबाईंना विचार, त्याच नात्याने हाक मार. हा प्रश्न विचारलास की सासूबाई बोलायला लागतील असं मला वाटतं. मग त्यांनाच बरोबर घे आणि सकाळी डकर्मींच्या घरी जा. रिकाम्या हाताने नको, कोसेली म्हणून काहीतरी घेऊन जा. पिंढीवर, म्हणजे ओसरीवर, बस आणि म्हण, "मेरो गल्ती भयो", माझी चूक झाली. भिंतीविषयी तिथे चकार शब्द काढू नकोस. भिंतीचं बोलणं भिंतीपाशी.

आता टोळी का नको ते सांगते. कायद्याची अडचण नाही, १९५० च्या करारामुळे भारतीय माणूस नेपाळमध्ये काम करू शकतो. पण पुण्यातल्या गवंड्याने गेल्या वीस-तीस वर्षांत विटा आणि ब्लॉक रचले. मातीत दगड बसवणं त्याच्या हातातून गेलं आहे. त्याला तुझ्या गावात आणून तू एक अननुभवी माणूस दुसऱ्याच्या जागी बसवशील, तोही दुप्पट खर्चात. शिवाय तुझ्या सासरच्या गावात पर्म चालते. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या घरी. तुझ्या सासूबाई चाळीस वर्षं त्या देवघेवीत आहेत. बाहेरची टोळी उतरली तर त्या चार बायकांच्या घरी पुढच्या रोपणीला, म्हणजे भातलावणीला, सासूबाई कोणत्या तोंडाने जातील? आणि दहा वर्षांनी पत्रा उडाला की पुण्याहून कोण येणार आहे?

पिलरच्या घराचं आकर्षण मला कळतं. गावोगाव लोकांना तेच पक्कं वाटतं. पण काँक्रीटच्या सांगाड्याचा जीव तुळई आणि खांब भेटतात तिथल्या सळईच्या कड्यांमध्ये असतो, कडीच्या टोकाच्या वळणात असतो, पाण्याच्या मापात असतो. एकदा ओतलं की आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. २०१५ मध्ये काँक्रीटची घरंही पडली. पाऊण तासाच्या चढावर खेचरांवरून आणलेलं सिमेंट, ओढ्यातली वाळू, हाताने कालवलेला माल आणि तो आयुष्यात पहिल्यांदा कालवणारे हात, एवढं सगळं जमवून पिलर उभे करायचे म्हणजे धोका विकत घ्यायचा. दोन मजले हवेतच असा घरच्यांचा हट्ट असेल तर गोष्ट वेगळी, मग अभियंत्याशिवाय एक खड्डाही खणू नकोस. पण लहान मूल धरून तुम्ही पाच माणसं आहात. एक मजला आणि वर हलका पोटमाळा पुरेल. तेवढं घर हे हात बांधू शकतात, आणि चांगलं बांधू शकतात.

त्यांना शिकवायचं कसं? पाठ्यपुस्तक तुझ्या अंगणातच आहे. सासू-सासरे राहतात ती खोली. ते अनुदान ३ लाख नेपाळी रुपयांचं होतं, आपले १ लाख ८७ हजार ५००, आणि तीन हप्त्यांत मिळायचं. पाया तपासल्याशिवाय दुसरा हप्ता नाही, भिंती तपासल्याशिवाय तिसरा नाही. म्हणजे त्या खोलीत भिंतींना एकत्र बांधून ठेवणारे आडवे पट्टे असणार. सगळ्यांना घेऊन त्या खोलीभोवती एक फेरी मार. कुठला पट्टा कुठे आहे ते त्यांनाच दाखवायला सांग. आणि वडा कार्यालयात, म्हणजे वॉर्डाच्या कचेरीत, चौकशी कर की पुनर्बांधणीच्या वर्षांत गावातल्या कुणी प्रशिक्षण घेतलं होतं. तेव्हा अनुभवी गवंड्यांसाठी सात दिवसांचं आणि नवख्यांसाठी पन्नास दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, त्यात बायकाही होत्या. मी २०१६ मध्ये तिकडे काही महिने होते तेव्हा पाहिलं आहे. शिकलेले तरुण नंतर परदेशी गेले, बायका मागे राहिल्या. तुझ्या चौघींपैकी एखादीच्या पेटीत ते प्रमाणपत्र निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. तू तिला दगड वाहायला लावलं असशील.

मग पहिले तीन दिवस घराला हात लावू नका. अंगणात एक नमुना कोपरा रचा, दोन्हीकडे चार-चार फूट लांब, तीन फूट उंच. सगळ्यांनी मिळून रचायचा, सगळ्यांनी मिळून पाडायचा. पाडताना आरपार दगडाजवळची भिंत कशी धरून राहते आणि बिनदगडाची कशी सुटते ते त्यांच्या डोळ्यांनी दिसू दे. तीन दिवसांची मजुरी जाईल. सगळ्या बांधकामात यापेक्षा चांगला खर्च दुसरा नाही.

तुझ्यासाठी ती काठी. चार फुटांचा सरळ बांबू घे आणि दोन रंगांच्या खुणा कर. दीड फुटावर लाल: भिंतीची जाडी, त्याहून जास्त नाही, कारण जाड भिंतीत दोन तोंडं वेगळी होण्याचीच भीती जास्त. दोन फुटांवर निळी: दर दोन फूट उंचीला थर एका पातळीत आणायचा आणि आरपार दगड टाकायचे. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत येऊ द्यायची नाही, हेही त्याच खुणेने बघायचं. बांबूचं टोक म्हणजे चार फूट: आडव्या ओळीत दोन आरपार दगडांमधलं जास्तीत जास्त अंतर. अशा तीन काठ्या कर, एक डकर्मींच्या हातात, एक दगड निवडणाऱ्या बाईच्या हातात, एक तुझ्याकडे. दीड फूट लांबीचे दगड ढिगातून आधीच वेगळे काढायला सांग आणि त्यांच्या दोन्ही टोकांना चुन्याचं बोट लाव. संध्याकाळी भिंतीच्या आतून आणि बाहेरून ठिपके मोजायचे. आत जितके तितके बाहेर दिसले पाहिजेत. लिहिता-वाचता न येणारी बाईही ही तपासणी तुझ्याइतकीच चोख करेल. इतके लांब दगड मिळाले नाहीत तर लाकडाचा तुकडा किंवा सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा चालतो. किल्लारी भागात उभ्या राहिलेल्या जुन्या भिंती मजबूत करतानाही आम्ही भोक पाडून आत सळई-काँक्रीट भरत होतो.

काटकोनासाठी गुण्याच्या भरवशावर राहू नकोस. दोरीला गाठी मारून सहा, आठ आणि दहा फुटांचा त्रिकोण ताणायचा. पातळीसाठी पाण्याची पारदर्शक नळी.

सिमेंट लागेल ते फक्त आडव्या पट्ट्यांना. जोत्यावर, खिडकीच्या खाली, दार-खिडकीच्या वर आणि छपराखाली. तीन इंच जाडीचा पट्टा, दोन लांब सळया, दर सहा इंचांवर आडवी कडी. इथे एकाच गोष्टीवर हट्टी हो: कोपऱ्यात सळई तोडायची नाही. ती वळवून दुसऱ्या भिंतीत दोन फूट न्यायची. कोपऱ्यात तुटलेला पट्टा म्हणजे बक्कल नसलेला कंबरपट्टा. कोपऱ्यांमध्ये पायापासून छपरापर्यंत एकेक उभी सळई ठेवतात, तिचं माप आणि तपशील गाउँपालिकेच्या (तिथल्या ग्रामपालिकेच्या) अभियंत्याकडून घे. नकाशा मंजूर करायला तुला तिथे जायचंच आहे. दगडमातीच्या घरांचे छापील नमुने नेपाळ सरकारने काढले होते, ते त्यांच्याकडे असतात.

मालाच्या मापाला घमेलं वापरू नका, प्रत्येकाचं घमेलं वेगळं भरतं. लाकडी पेटी करून घे: आतून एक फूट लांब, एक फूट रुंद, पंधरा इंच उंच. तिच्यात बरोबर एक गोण सिमेंट मावतं. एका गोणीला दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी, आणि पाणी पंचवीस लिटरच्या आसपास, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पाणी बादलीने मोजून घालायचं. कालवायला सोपं जावं म्हणून जास्तीचं पाणी ओतायचा मोह सगळ्यांना होतो, आणि काम तिथेच नासतं. ओढ्याची वाळू आधी काचेच्या बाटलीत पाणी घालून हलव आणि रात्रभर ठेव. सकाळी वर गाळाचा जाड थर दिसला तर धुऊन घ्या. मी एकदा ही बाटली न हलवताच एक अख्खा जोत्याचा पट्टा ओतू दिला होता. आठवड्याने तो खिळ्याने उकरला जात होता. रात्रभर झोप लागली नाही, आणि सकाळी तो फोडायला मीच पहिला घण घातला. पट्टा ओतल्यावर ओली पोती टाकून निदान सात दिवस पाणी मारायचं, हे काम सासऱ्यांना दे. फौजी माणूस आहे, एक वेळ चुकवणार नाही.

छपराखालचा त्रिकोण दगडाने भरू नका, काही झालं तरी. भूकंपात पहिल्यांदा तोच कोसळतो, आणि तोही झोपलेल्या माणसावर. फळ्या किंवा पत्रा लावा. लाकूड सामुदायिक वनातून मिळेल, पण त्याचा अर्ज आत्ताच टाक, मंजुरीला वेळ जातो.

कामाचे दिवस त्यांच्या पंचांगाने बांध. शनिवारी सुट्टी. सकाळी दालभात जेवूनच माणसं येणार, त्यांना सातला बोलावून चिडण्यात अर्थ नाही. दुपारचा खाजा (नाश्ता) तुझ्याकडून, चिउरा म्हणजे पोहे, चणे आणि चहा, त्यात काटकसर नको. आषाढात रोपणी लागली की कुणी येणार नाही, आणि येऊही नये. म्हणून पत्रा चढवायची मुदत जेठ महिन्याची धर. तोवर झालं नाही तर उघड्या भिंतींचा माथा ताडपत्रीने बांधून दसैं-तिहार (तिथला दसरा-दिवाळी) उलटेपर्यंत थांब. पावसात मातीची भिंत घाईने चढवू नकोस.

पैशांचं: वही ठेव, शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर हजेरी वाचून ज्याचे त्याला पैसे चुकते कर. दसैंच्या आधी पेश्की (उचल) मागतील, देण्याची तयारी ठेव. बायकांना पुरुषांपेक्षा कमी देण्याची गावची रीत तुला सांगितली जाईल. ती पाळू नकोस. समान कामाला समान पैसे दे आणि हे पहिल्याच दिवशी सासऱ्यांच्या तोंडून जाहीर होऊ दे. आणि थोडी रक्कम बाजूला ठेव, कुणाच्या पायावर दगड पडला तर दवाखान्याला नेण्यासाठी. हातमोजे आणि बंद बूट मात्र आजच मागव.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी सांगते. नेपाळमध्ये परदेशी नागरिकाच्या नावावर जमीन होत नाही. तिथली नागरिकता घ्यायची तर भारताची सोडावी लागेल. तो निर्णय तुझा आहे, घाई करू नकोस. पण तुझी पुण्यातली बचत या घरात जाते आहे, तर किती गेली हे नवऱ्याबरोबर बसून कागदावर लिही आणि दोघं सह्या करा. संशय म्हणून नाही. घर बांधताना नवरा-बायकोत सगळ्यात जास्त भांडणं न लिहिलेल्या आकड्यांवरून होतात, हे मी बऱ्याच साइटवर बघितलं आहे.

थकलीस असं लिहिलंस. लहान मूल कडेवर, परकी भाषा, नवरा लांब. थकणारच. आठवड्यातला एक दिवस साइटवर जाऊ नकोस. डकर्मी परत आले की त्यांच्या हाती काठी दे आणि तो दिवस त्यांच्यावर सोड. दुसऱ्या दिवशी ठिपके मोज.

नमुना कोपरा झाला की पाडण्याआधी त्याचे फोटो पाठव. एक आतून, एक बाहेरून, चुन्याचे ठिपके दिसतील असे. आणि एक फोटो ज्यांनी तो रचला त्या सगळ्यांचा.

तुझी मावशी